तुमच्या गल्लीबद्दल नकाशा काय म्हणतो? रहिवासी संघ आणि विकास आराखडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विकास आराखडा (डीपी) म्हणजे शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची आणि रस्ते कुठून जातील हे ठरवणारा नकाशा. ही उत्तरे पुण्यातल्या रहिवाशांना समोर ठेवून लिहिली आहेत. पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदा राज्यभर एकच असल्यामुळे नाशिक, कोल्हापूर, ठाणे किंवा एखाद्या नगरपरिषदेच्या गावातही बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात. मुंबईची बांधकाम नियमावली वेगळी आहे.

आमच्या घराचा झोन कुठला, हे कसे कळेल?

आधी सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर शोधा. मिळकतकराच्या बिलावर तो बहुधा नसतो, त्यामुळे बिल घेऊन महापालिकेत जाऊ नका. खरेदीखत, इंडेक्स टू, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड यांपैकी एकावर तो सापडतो. हिस्सा नंबरही टिपून घ्या. ४५ आणि ४५/२ यांत कधी कधी एक अख्खी टेकडी असते.

मग महापालिकेच्या बांधकाम किंवा नगररचना विभागाकडे झोन दाखल्यासाठी अर्ज करा आणि सोबत त्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा मागा. दाखला सांगतो की जमीन निवासी आहे, व्यापारी आहे की शेती विभागात येते, तिच्यावर आरक्षण आहे का (म्हणजे ती बाग, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी राखली आहे का) आणि डीपी रस्ता, म्हणजे आराखड्यातला रस्ता, जातो का. संकेतस्थळावरचा नकाशा पाहून अंदाज घ्यायला हरकत नाही, पण हरकतीला किंवा तक्रारीला जोडायला सही-शिक्क्याचाच दाखला हवा.

रंगांबाबत एक सावधगिरी. पिवळा म्हणजे निवासी आणि हिरवा म्हणजे मोकळे किंवा शेती हे बहुतेकांना पाठ असते, तरी नकाशाच्या कोपऱ्यातली सूची आधी वाचा. 'रेड झोन' या शब्दाने तर पुण्यात हमखास गोंधळ होतो. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा रेड झोन हे संरक्षण खात्याचे निर्बंध आहेत. नदीकाठची लाल रेषा ही पूररेषा आहे: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. विकास आराखड्यातल्या लाल रंगाशी या दोन्हींचा काही संबंध नाही. बैठकीत कुणी नुसतेच 'आपण रेड झोनमध्ये आहोत' म्हणाले, तर कुठल्या, हे तिथल्या तिथे विचारा.

नकाशावर रस्ता आमच्या घरावरून गेलेला दिसतो. खरेच जातो का?

नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका. आराखड्याचा नकाशा १:४००० प्रमाणात असेल तर कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ४० मीटर, आणि १२ मीटरचा रस्ता म्हणजे कागदावर जेमतेम ३ मिलिमीटर. छापील रेघच अर्ध्या मिलिमीटरची असली तरी ती जमिनीवर २ मीटर व्यापते. म्हणजे तुमची ओसरी रस्त्यात आहे की बाहेर, हे निव्वळ रेघेच्या जाडीवरही ठरू शकते. फोनवर नकाशा मोठा करून पाहिला की रेघही मोठी होते, अचूकता नाही. त्यामुळे 'आमच्या घरावरून रस्ता काढला' असे लिहिण्याऐवजी महापालिकेकडे जागेवर आखणी करून मागा. भूमिअभिलेख खात्याचा मोजणी नकाशा जवळ असेल तर तो जोडा.

आर-१ आणि आर-२ काय भानगड आहे?

मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. अधिकारी आणि आर्किटेक्ट तिला यूडीसीपीआर म्हणतात. निवासी भागाचे तिच्यात दोन प्रकार आहेत. गावठाणासारख्या दाट वस्तीत ९ मीटरपेक्षा अरुंद आणि दाट वस्तीबाहेर १२ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यालगतची जमीन आर-१, तर त्याहून रुंद रस्त्यालगतची आर-२. आर-१ मध्ये डॉक्टर-वकिलांचे छोटे दवाखाने-कार्यालये किंवा किरकोळ दुकाने अशा मोजक्या गोष्टी अटींसह चालतात. आर-२ मध्ये यादी बरीच लांब होते.

थोडक्यात, तुमच्या दारापुढच्या रस्त्याची रुंदी बदलली की दारापुढे काय उभे राहू शकते तेही बदलते. आराखड्यावरच्या बैठकीत बाग-शाळांवर तासभर चर्चा होते आणि रस्त्यांच्या रुंदीचा तक्ता कुणी उघडतच नाही. उलट करा.

आमच्या सोसायट्या नोंदणीकृत आहेत. मग वेगळा रहिवासी संघ कशाला?

सोसायटीचा अधिकार तिच्या कुंपणापर्यंत. नाला, पदपथ, शाळेचे आरक्षण, कोपऱ्यावरचा प्लॉट हे सगळे कुंपणाबाहेरचे. शिवाय बंगले, जुने वाडे, चाळी आणि दुकाने कुठल्याच सोसायटीत नसतात. संघाने सोसायट्यांच्या कारभारात मात्र पडू नये. पार्किंगची आणि गळतीची भांडणे संघाच्या बैठकीत शिरली की सहा महिन्यांत संघ बंद पडतो.

संघाची नोंदणी करावीच लागते का?

हरकत घेण्यासाठी नाही. कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' हरकत किंवा सूचना देऊ शकते. बँक खाते उघडायचे, देणग्या घ्यायच्या किंवा न्यायालयात संस्था म्हणून उभे राहायचे तर नोंदणी लागते. महाराष्ट्रातला नेहमीचा रस्ता म्हणजे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी. किमान सात सदस्य लागतात.

नोंदणीइतकेच काम नंतरही असते. दरवर्षी हिशेब तपासून दाखल करायचे, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. हा अर्ज राहून जातो, आणि पाच वर्षांनी बँक विचारते तेव्हा कागदोपत्री अध्यक्ष म्हणून परगावी गेलेल्या काकांचेच नाव निघते. आधी वर्षभर बिगरनोंदणी काम करा, माणसे टिकतात का बघा, मग नोंदणी करा.

बैठकीला दर वेळी तीच सात माणसे येतात. काय करावे?

नोटीस बोर्डावर कागद लावला आणि ग्रुपवर संदेश टाकला म्हणजे निमंत्रण झाले, हा समज सोडा. माणूस माणसाला बोलावतो तेव्हाच येतो. साधारण २० ते २५ घरांमागे एक गल्ली प्रतिनिधी नेमा. त्याचे काम एवढेच: बैठकीच्या चार दिवस आधी आणि आदल्या संध्याकाळी दारावर जाऊन सांगणे. एका माणसाकडे पन्नास घरे दिली की तो पहिल्या दोन मजल्यांवर थांबतो.

वेळ निवडताना घराचे वेळापत्रक बघा. रविवारी सकाळी दहाला बाजार आणि नाश्ता, त्यामुळे बायका येत नाहीत. संध्याकाळी सात ही स्वयंपाकाची वेळ. शनिवारी साडेचार ते सव्वापाच बहुतेक ठिकाणी जमते. पाऊण तासात संपवा. विषय तीनच ठेवा, आणि त्यातला एक असा हवा की महिनाभरात डोळ्यांना दिसेल: बंद पथदिवा, तुटलेले चेंबरचे झाकण, कचऱ्याच्या गाडीची वेळ. आराखडा हा दूरचा विषय आहे. चेंबरचे झाकण बसले की लोक पुढच्या वेळी आराखड्यासाठीही बसतात.

टेबलामागे पदाधिकारी आणि समोर खुर्च्यांच्या रांगा अशी मांडणी करू नका. सतरंजी टाका, मधोमध परिसराचा मोठा नकाशा पसरा आणि प्रत्येकाला आपले घर शोधायला लावा. जो माणूस आपले घर नकाशावर बोटाने दाखवतो, तो शेजारचा रंग काय आहे हे आपणहून विचारतो. मग भाषण करावे लागत नाही.

वेगळे कार्यक्रमही फार उभे करू नका. संक्रांतीचे हळदीकुंकू, कोजागरी आणि गणपतीचा मांडव हे आधीच भरलेले असतात. मांडवाच्या एका बाजूला परिसराचा नकाशा लावला तर दहा दिवसांत जितके लोक तो पाहतात तितके वर्षभराच्या बैठकांत पाहत नाहीत. मंडळाच्या कार्यकर्त्यांना मात्र आधी विचारा. नकाशा त्यांचा वाटला तर ते राखतात, तुमचा वाटला तर त्यावर प्रायोजकाचा फ्लेक्स येतो.

भाडेकरू, दुकानदार, वस्तीतले लोक यांना घ्यावे का?

हो, आणि सुरुवातीपासून. भाडेकरूलाही हरकत घेता येते. मालकी असण्याची अट नाही. दुकानदाराला रस्ता आणि पार्किंग यांची तुमच्याइतकीच झळ बसते, आणि दिवसभर रस्त्यावर डोळे त्याचेच असतात. संघ फक्त फ्लॅटमालकांचा राहिला तर सुनावणीत समोरचा अधिकारी एकच प्रश्न विचारतो: पलीकडच्या वस्तीचे म्हणणे काय? त्याला उत्तर नसेल तर अर्जातला जीव तिथेच जातो.

प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला. आता नेमके काय करायचे?

प्रारूप, म्हणजे मसुदा, आराखडा नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली प्रसिद्ध होतो. राजपत्रात आणि वृत्तपत्रांत नोटीस येते आणि हरकती-सूचनांची मुदत सुरू होते. मुदत नोटिशीत छापलेली असते. अलीकडे ती साधारण ३० दिवसांची असते आणि ओरड झाली तर कधी वाढते. वाढेल असे धरून चालू नका.

पहिल्या तीन दिवसांत नकाशाची तुमच्या भागाची पत्रके, अहवाल आणि आरक्षणांचा तक्ता मिळवा. तिन्ही लागतात. नकाशात 'पीजी' असे काहीतरी लिहिलेले असते. ते क्रीडांगण आहे, कुणासाठी आहे आणि किती चौरस मीटर आहे हे तक्त्यात कळते. त्याबरोबर सध्याच्या जमीन वापराचा नकाशाही बघा, कारण मूळ घोळ बहुधा तिथेच असतो. सर्वेक्षणात मैदान 'रिकामा प्लॉट' म्हणून नोंदले गेले की प्रस्तावित नकाशात ते मैदान उरत नाही. मुंबईत २०१५ च्या प्रारूप आराखड्यावर टीकेचा भडिमार झाला तो अशाच चुकांवरून. अस्तित्वात असलेल्या गोष्टी चुकीच्या दाखवल्या होत्या, रस्ते उभ्या इमारतींवरून गेले होते. तो आराखडा मागे घेऊन दुरुस्त करावा लागला, नवा प्रारूप २०१६ मध्ये आला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

दुसऱ्या आठवड्यात पायी फिरा. दोघा-दोघांच्या जोड्या करा, प्रत्येकीकडे नकाशाचा एक तुकडा आणि लाल पेन. नकाशात आहे पण जागेवर नाही, जागेवर आहे पण नकाशात नाही, आणि रुंदी जुळत नाही: एवढ्या तीनच खुणा करायच्या. मते फिरताना नोंदवायची नाहीत, ती नंतर. रुंदी टेपने मोजा, पावलांनी नको. प्रत्येक फोटोबरोबर जागा आणि तारीख लिहा.

तिसरा आठवडा लिहिण्यासाठी. चौथ्यातले पहिले तीन दिवस अर्ज दाखल करण्यासाठी. शेवटच्या दिवशी रांग लागते, आवक टेबलावर शिक्का मारायला माणूस कमी पडतो आणि कुणाची तरी प्रत शिक्क्याविना परत येते.

हरकत कशी लिहावी?

एका हरकतीत एकच मुद्दा. सात मुद्द्यांचे एक पत्र दिले तर पहिल्याचाच निर्णय होतो आणि बाकीचे 'नोंद घेतली' मध्ये जातात. ढाचा साधारण असा:

'विषय: प्रारूप विकास आराखडा, पत्रक क्र. __, स. नं. ४५/२, प्रस्तावित १२ मी. रस्त्याबाबत हरकत. वस्तुस्थिती: जागेवर रस्त्याची रुंदी ७ मी. असून पश्चिमेस मंजूर नकाशानुसार बांधलेल्या चार इमारती आहेत (भोगवटा पत्राची प्रत जोडली आहे). परिणाम: प्रस्तावित रेषेत या इमारतींच्या सामासिक जागा व पाण्याच्या टाक्या येतात. मागणी: रस्त्याची रुंदी ९ मी. ठेवावी, अथवा रेषा पूर्वेच्या मोकळ्या जागेच्या बाजूस २ मी. सरकवावी. जोड: भाग नकाशा, फोटो ४, मोजणी नकाशा. सुनावणीची संधी मिळावी.'

यात दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची. 'मागणी' हा शब्द आणि त्यानंतर आकड्यात काय हवे ते. 'अन्यायकारक रस्ता रद्द करावा' यावर समितीला नाही म्हणणे सोपे असते. 'दोन मीटर सरकवा' म्हटले की त्यांना नकाशा उघडून उत्तर द्यावे लागते. आणि सुनावणीची विनंती लिहिली नाही, तर पुढे आपल्याला बोलावलेच नाही ही तक्रार लंगडी पडते.

आवडलेल्या गोष्टींसाठीही पत्र द्या. तुमच्या भागात बागेचे आरक्षण टाकले असेल तर 'हे कायम ठेवावे' असे लिहून द्या. जमीनमालक ते उठवण्यासाठी हरकत घेणारच. फाइलमध्ये फक्त त्याचेच पत्र असेल तर समितीसमोर दुसरी बाजूच नसते.

एकच छापील नमुना सगळ्यांनी सही करून दिला तर?

चालतो, पण त्याचा उपयोग मर्यादित. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. एवढ्या ढिगात सारखे अर्ज एका गठ्ठ्यात बांधले जातात आणि त्यांना एकच उत्तर मिळते. संख्येमुळे राजकीय दबाव येतो, म्हणून सामायिक पत्र द्याच. त्याबरोबर प्रत्येक इमारतीचे, शाळेचे, दुकानाचे स्वतःच्या सर्व्हे नंबरचे वेगळे पत्र हवे. वीस वेगळी पत्रे दोनशे झेरॉक्सपेक्षा जड भरतात.

सुनावणीत काय होते?

कलम २८ खाली नियोजन समिती बसते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि राज्य सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार अशी तिची रचना आहे. प्रत्यक्षात बोलायला तीन-चार मिनिटे मिळतात आणि बाहेर बरीच वाट पाहावी लागते. संघातर्फे एकच माणूस बोलेल असे ठरवा आणि त्याच्याकडे अधिकारपत्र द्या. पाच जण एकदम बोलले की समितीच्या टिपणात काहीच उतरत नाही.

रंगवलेला भाग नकाशा ए-थ्री कागदावर, सदस्यांच्या संख्येइतक्या प्रती. पहिले वाक्य मागणीचे, मग कारण. इतिहास सांगू नका. बाहेर पडण्याआधी लेखी निवेदनावर पोच घ्या. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते.

मुदत संपल्यावर कळले. आता काहीच करता येत नाही का?

येते, पण दारे अरुंद होत जातात. समितीच्या अहवालानंतर आराखडा सरकारकडे जातो. सरकारने मंजुरी देताना मोठे बदल सुचवले तर तेवढे भाग वगळून उरलेला आराखडा मंजूर होतो, आणि वगळलेल्या भागांवर पुन्हा हरकती मागवतात. नोटिशीत त्यांना ईपी-१, ईपी-२ (ईपी म्हणजे एक्सक्लूडेड पार्ट, वगळलेला भाग) असे क्रमांक असतात. ही दुसरी संधी फार लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण नोटीस राजपत्रात येते आणि तोवर संघ थंडावलेला असतो.

आराखडा मंजूर झाल्यानंतरचे बदल कलम ३७ खाली होतात. एखाद्या प्लॉटचे आरक्षण बदलणे, झोन बदलणे हे सगळे त्यातच. या नोटिशीवर एक महिन्यात हरकत देता येते. मजकूर रुक्ष असतो आणि वृत्तपत्राच्या जाहिराती पानावर कोपऱ्यात असतो. म्हणून संघातल्या एकाला, शक्यतो निवृत्त आणि रोज पेपर शेवटपर्यंत वाचणाऱ्याला, हेच काम द्या: 'कलम ३७' आणि आपल्या पेठेचे किंवा गावाचे नाव दिसले की कात्रण काढायचे. आराखडा वीस वर्षांतून एकदा येतो, कलम ३७ च्या नोटिसा वर्षभर येत राहतात. परिसराचे खरे नुकसान बहुधा या छोट्या नोटिशींनीच होते.

बागेचे आरक्षण वर्षानुवर्षे नुसतेच पडून आहे. ते आपोआप जाते का?

आपोआप नाही. कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर जमीनमालक महापालिकेला नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा भूसंपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपुष्टात येते. स्थायी समितीने ठराव केला म्हणजे पाऊल उचलले असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितले आहे.

संघाने काय करावे? आपल्या हद्दीतल्या सगळ्या आरक्षणांची एक यादी करावी: क्रमांक, क्षेत्र, मालकी सरकारी की खासगी, ताब्यात आली का, १० वर्षे कधी भरतात. त्या तारखेच्या दोन वर्षे आधी अंदाजपत्रकात भूसंपादनाची तरतूद मागायला सुरुवात करा. मालकाला पैशाऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊनही जागा घेता येते, हेही पत्रात लिहा, कारण 'निधी नाही' हे पहिले उत्तर येते. शेवटी दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात विचारा की कलम १२७ ची नोटीस आली आहे का.

सहा मीटरची गल्ली नऊ मीटर करणार म्हणतात. हा आराखड्याचाच भाग आहे का?

नेहमी नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आराखड्याबाहेरही रस्त्याची रेषा नव्याने ठरवता येते. पुण्यात जून २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव स्थायी समितीने मंजूर केला, तो याच कलमाखाली. त्यामागचे कारण वाहतुकीपेक्षा टीडीआर जास्त: नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नव्हता, त्यामुळे जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडला होता.

म्हणून अशा प्रस्तावावर परिसरात दोन तट पडतात. पुनर्विकासाला आलेल्या इमारतींना रुंदी हवी असते, समोरच्या बंगल्यांना झाडे आणि अंगण राखायचे असते. संघाने घाईने एक बाजू घेऊ नये. दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जाणार की एकाच बाजूने तीन, झाडे किती, पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन वाढीव मजल्यांना पुरेल का, हे प्रश्न लेखी विचारावेत. झाडे तोडायची असतील तर झाडावर आणि वृत्तपत्रात वेगळी नोटीस लागते, आणि त्यावर हरकतीला सात दिवसच मिळतात.

शेजारच्या बंगल्यात हॉटेल किंवा गोदाम सुरू झाले. तक्रार कुठे?

आधी खात्री करा की ते बेकायदा आहे. झोन दाखला, त्या इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी) या तीन कागदांवरून कळते. मंजूर नकाशात 'निवासी' असलेल्या मजल्यावर व्यापार चालू असेल तर तो वापरातला अनधिकृत बदल, आणि नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस बांधकाम विभागाने द्यायची असते. 'आमच्याकडे गुमास्ता आहे' हे उत्तर झोनला लागू पडत नाही. दुकानाची नोंदणी म्हणजे जागेच्या वापराची परवानगी नव्हे.

तक्रारीत सर्व्हे नंबर, मजला, वापर कधीपासून आणि तारखेचे फोटो द्या. माणसाबद्दल लिहू नका. 'गुंड प्रवृत्तीचे मालक' असा एक शब्द आला की तक्रार शेजारभांडणाच्या खात्यात जाते. आवाजाचा त्रास असेल तर तो मुद्दा वेगळ्या अर्जात पोलिसांकडे. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. एकाच अर्जात झोन, आवाज आणि पार्किंग घातले तर तीन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात.

फाइल बघायला मिळेल का?

राज्य सरकारच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. जाण्यापूर्वी विभाग आणि फाइलचा विषय नक्की करा, नाहीतर दोन तास टेबले शोधण्यात जातात.

त्याने भागले नाही तर माहिती अधिकार. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तर ३० दिवसांत, प्रती २ रुपये पान. 'का केले नाही' असे विचारू नका, ते माहितीत बसत नाही. 'अमुक तारखेच्या आवक क्रमांकावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी' असे मागा. उत्तर आले नाही तर पहिले अपील त्याच कार्यालयात, पुढच्या ३० दिवसांत.

लोकशाही दिनाचाही उपयोग होतो. महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. न्यायालयात असलेली प्रकरणे तिथे घेत नाहीत.

अंदाजपत्रकात आमचे काम कसे घालायचे?

पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचनांतून कामे सुचवण्याची पद्धत आहे. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, आणि एका कामाची मर्यादा ५ लाख रुपये आहे. त्यामुळे 'नवी बाग करा' बसत नाही. 'अमुक बागेत चार बाके आणि दोन दिवे' बसते. जागा महापालिकेच्या मालकीची नसेल तर काम फेटाळतात, म्हणून मालकी आधी बघा. सोसायटीच्या आतला रस्ता यात कधीच होत नाही. अर्ज बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात घेतात, तेव्हा यादी जुलैतच तयार ठेवा.

संघ कुठल्या पक्षाचा आहे का, असे लोक विचारतात.

विचारणारच. नियम साधा ठेवा: पदाधिकारी निवडणुकीला उभा राहिला तर उमेदवारी अर्जाच्या दिवशी पद सोडतो, आणि संघाच्या फलकावर कुणाचाही फोटो नाही. नगरसेवकाला बैठकीला बोलवा, पण प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना एकाच पत्राने. पुणे आणि मुंबईसकट अनेक महापालिकांवर २०२२ पासून बराच काळ प्रशासक होता. त्या दिवसांत ज्यांचे सगळे काम एका नगरसेवकाच्या फोनवर चालायचे त्या संघांची गाडी थांबली. आवक क्रमांक ठेवणाऱ्यांची चालू राहिली.

वर्गणी किती आणि व्हॉट्सॲप ग्रुप कसा ठेवावा?

वर्गणी इतकी कमी की नाही म्हणायला लाज वाटावी. पावती क्रमांकासह द्या, हिशेब दर तीन महिन्यांनी जिन्यात लावा. बिल्डर किंवा हॉटेलवाल्याकडून देणगी घेऊ नका, गणपतीच्या नावानेही नाही.

ग्रुप दोन ठेवा. एक फक्त सूचनांचा, ज्यात दोनच माणसे लिहू शकतात. दुसरा गप्पांचा, जिथे शुभ सकाळ चालते. एकच असेल तर हरकतीची शेवटची तारीख चाळीस फुलांच्या फोटोंखाली जाते.

कागदपत्रे कुणी सांभाळायची?

एकट्याच्या घरी ठेवू नका. मूळ पोच असलेल्या प्रती एका बॉक्स फाइलमध्ये, सर्व्हे नंबरप्रमाणे लावलेल्या, आणि त्यांचे फोटो दोन वेगळ्या फोनवर. फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक तक्ता चिकटवा: अर्जाची तारीख, आवक क्रमांक, विभाग, उत्तर कधी अपेक्षित, उत्तर आले का. शेवटचा रकाना पेन्सिलने भरा, कारण 'आले' लिहिल्यावर बऱ्याचदा ते खोडून 'अपुरे' लिहावे लागते.